'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज': हा मांजरं-कुत्र्यांचा पाऊस आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आठवी ते दहावीच्या मुलांच्या इंग्लिशच्या शिकवण्या घेते. दरवर्षी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की कुणीतरी ओल्या दप्तरासकट आत येतं आणि म्हणतं, "मॅडम, इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज!" आणि मग प्रश्न सुरू होतात, आधी मुलांचे आणि मग त्यांच्या आईबाबांचे. सगळी उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे लिहून काढलंय.

याचा नेमका अर्थ काय?

खूप जोराचा पाऊस पडतोय, बस एवढाच. आपण धो धो, बदाबदा किंवा मुसळधार म्हणतो त्या जागी हा येतो. यात फक्त पावसाचा जोर सांगितलाय, तो किती वेळ पडतोय ते नाही. म्हणजे चार दिवस न थांबता रिपरिप चालू असेल तर त्याला हे चालणार नाही, संततधारेलाही नाही. धाडकन आला, रस्त्यावर पलीकडचं दिसेनासं झालं, छत्री उलटी झाली, त्याला चालेल.

वाक्यात कसा वापरायचा? मुलं नेहमी कुठे चुकतात?

कर्ता कायम 'इट'. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', 'इट रेन्ड कॅट्स अँड डॉग्ज लास्ट नाइट', दोन्ही बरोबर. 'कॅट्स अँड डॉग्ज आर रेनिंग' असं लिहिणारी दरवर्षी दोन-तीन मुलं सापडतातच, कारण मराठीत 'पाऊस पडतोय' म्हणताना पाऊस कर्ता असतो, म्हणून त्यांना वाटतं जे पडतंय तेच पुढे यायला हवं. ते चूक आहे. 'कॅट अँड डॉग' असं एकवचनही करायचं नाही, आणि बर्फ पडत असेल किंवा गारा पडत असतील तर हा वापरायचा नाही, हा फक्त पावसाचाच.

मांजरं आणि कुत्रीच का? कुठून आलं हे?

खरं उत्तर असं की हा शब्दप्रयोग पहिल्यांदा कुणी आणि का केला याचा ठोस पुरावा अजून कुणालाच मिळालेला नाही. मिळालंय ते हे की साधारण 1650 च्या आसपास इंग्लंडात तो छापील स्वरूपात दिसायला लागतो. इंटरनेटवर याच्या चार-पाच गोष्टी फिरतात, त्यातली प्रत्येक गोष्ट 'हेच खरं कारण' म्हणून सांगितली जाते, आणि त्या सगळ्या एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत हे तर उघडच आहे. त्या पुढे एकेक करून घेते.

सगळ्यात जुना लेखी पुरावा कुठला?

दोन आहेत, आणि दोन्ही वाचण्यासारखे आहेत.

पहिला 1651 चा. हेन्री व्हॉन नावाचा वेल्सचा कवी होता, अस्क नदीच्या काठचा, पुढे त्याने डॉक्टरकीही केली. त्याचा 'ओलोर इस्कॅनस' नावाचा कवितासंग्रह त्या वर्षी आला, नावाचा अर्थच 'अस्कचा हंस'. त्यात एका ठिकाणी तो म्हणतो की जत्रेला निघालेल्या फेरीवाल्यांना असं छप्पर मिळालं तर हवंच आहे, जे त्यांचा माल सरीतून कोसळणाऱ्या कुत्र्या-मांजरांपासून वाचवेल. इथे क्रम बघा, डॉग्ज आधी आणि कॅट्स नंतर. आणि तो काही समजावून सांगत बसत नाही, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल अशी त्याची खात्री होती, निदान मला तरी तसंच वाटतं.

दुसरा 1653 चा. रिचर्ड ब्रोम हा नाटककार, आधी तो बेन जॉन्सन या त्या काळच्या मोठ्या नाटककाराकडे नोकर होता, तिथून शिकून स्वतः नाटकं लिहायला लागला. त्याचं 'द सिटी विट' हे नाटक 1653 मध्ये छापलं गेलं, पण लंडनची नाटकगृहं 1642 लाच बंद करण्यात आली होती, त्यामुळे नाटक लिहिलं गेलं ते त्याच्या आधी. म्हणजे छापलेलं नंतर असलं तरी बोललं गेलं ते बहुतेक व्हॉनच्या आधीच. या नाटकात सार्पेगो नावाचा एक पंतोजी आहे, उठसूट लॅटिन आणि ग्रीक फेकणारा. तो एक वाक्य टाकतो त्यात 'रेग्नाबिट' हा लॅटिन शब्द येतो, त्याचा अर्थ 'राज्य करेल', पण ऐकायला तो इंग्लिश 'रेन' सारखा, म्हणून पंतोजी त्याचं भाषांतर करतात 'पाऊस पडेल'. पुढे ग्रीक शब्द येतात 'डॉग्माटा पोल्ला सोफॉन', म्हणजे शहाण्या लोकांची पुष्कळ मतं, आणि त्याचं भाषांतर होतं 'डॉग्ज अँड पोलकॅट्स'. डॉग्माटाचे झाले डॉग्ज, पोल्लाचे झाले पोलकॅट्स. (पोलकॅट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा, घाण वास सोडणारा एक प्राणी. नावात कॅट असलं तरी तो मांजर नाही.)

मला हा पुरावा सगळ्यात जास्त आवडतो, कारण यातून एक गोष्ट विचार करण्यासारखी निघते. प्रेक्षकांना हा विनोद कधी कळेल? जर कुत्र्या-मांजरांचा पाऊस हे बोलणं त्यांच्या कानावर आधीपासून असेल तरच ना. नाहीतर पावसात एकदम कुत्री कुठून आली हे त्यांना कळणारच नाही. काहीजण उलटं म्हणतात, की अशाच एखाद्या विनोदातून पुढे हा शब्दप्रयोग तयार झाला असेल. दोन्ही शक्य आहे पण मी पहिल्या बाजूची.

पण शाळेत तर सांगितलं होतं की हा जोनाथन स्विफ्टने तयार केला?

तयार नाही केला, पण आज आपण ज्या रूपात म्हणतो तसा तो स्विफ्टकडे, म्हणजे 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणाऱ्या लेखकाकडे, सापडतो हे खरंय. 1738 मध्ये त्याचं एक पुस्तक आलं, ज्यात लंडनचे उच्चभ्रू लोक एकमेकांना भेटल्यावर जे ठरलेलं, घासून गुळगुळीत झालेलं बोलतात त्याचे संवाद लिहिलेत. त्यातलं एक पात्र म्हणतं की सर जॉन जाणार म्हणजे जाणारच, कॅट्स अँड डॉग्ज पाऊस पडणार हे त्याला आधीच पक्कं माहीत असलं तरी.

आता हे पुस्तक कशाबद्दल आहे ते लक्षात घ्या. स्विफ्टने मुद्दाम वापरून वापरून शिळी झालेली वाक्यं गोळा केली होती, लोक कसे तेच तेच बोलतात ते दाखवायला. म्हणजे 1738 मध्येच हा शब्दप्रयोग जुना झालेला होता! ज्याने तो 'शिळं बोलणं' म्हणून नोंदवला त्यालाच आपण त्याचा जनक म्हणतो, हे बरोबर नाही.

स्विफ्टचं नाव यात अडकलं त्याचं आणखी एक कारण आहे, त्याची 1710 ची कविता. 'अ डिस्क्रिप्शन ऑफ अ सिटी शॉवर', लंडनच्या 'टॅटलर' या नियतकालिकात ऑक्टोबर 1710 ला छापून आली. शहरात सर येते तेव्हा काय काय होतं त्याचं इतकं जिवंत वर्णन आहे की आपल्याला आपलाच पावसाळा आठवतो. सुरुवातीला पावसाची चाहूल लागलीये हे तो कशावरून सांगतो, तर मांजर एकदम गप्प झालंय, स्वतःच्या शेपटीमागे पळायचं थांबलंय. मग सर कोसळते, बायका दुकानांच्या आडोशाला शिरतात, आणि खरेदीला आल्याचं दाखवत भाव विचारतात पण घेत काहीच नाहीत. आणि शेवटी गटारं फुगतात. स्मिथफील्डचा गुरांचा बाजार, तिथून आलेला लोंढा, दुसरीकडून आलेला लोंढा, स्नो हिलपाशी एकत्र होतात आणि होबर्न ब्रिजजवळ खाली पडतात. त्या पाण्यात काय काय आहे? खाटकांच्या दुकानातला कचरा, शेण, आतडी, रक्त, बुडालेली कुत्र्याची पिल्लं, वास मारणारे मासे, मेलेली मांजरं आणि सलगमाचा पाला.

तर कुत्र्याची पिल्लं आली आणि मांजरंही आली, म्हणून लोकांनी जोडून टाकलं.

मग ती गटाराची गोष्ट खरी असू शकते का? पुरात मेलेली जनावरं वाहून यायची, म्हणून लोक म्हणायला लागले?

सगळ्या गोष्टींमध्ये ही मला त्यातल्या त्यात समजण्यासारखी वाटते, कारण निदान तसं दृश्य लंडनमध्ये खरोखर दिसत होतं, स्विफ्टने ते लिहूनच ठेवलंय. होबर्न ब्रिजखालून वाहणारी फ्लीट ही एके काळी नदी होती, पण तेव्हा शहराचा सगळा कचरा पोटात घेणारं गटार झाली होती. आज ती रस्त्यांच्या खालून वाहते, वरून कळतसुद्धा नाही.

पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे स्विफ्टची कविता 1710 ची आणि व्हॉनची ओळ 1651 ची, साठ वर्षं आधीची, त्यामुळे कवितेवरून शब्दप्रयोग आला हे तर शक्यच नाही. दुसरी अडचण, व्हॉनच्या ओळीत ती कुत्री-मांजरं वरून पडतायत, म्हणून तर छप्पर हवंय. गटारातून वाहत येणाऱ्या जनावराला छप्पर काय करणार?

गवताच्या छपरावर कुत्री-मांजरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची, हे कारण आहे ना?

नाही. आणि याचं उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे कारण ही गोष्ट मी स्वतः काही वर्षं वर्गात सांगितलेली आहे. माझ्या शिक्षकांनी मला सांगितली होती, मला ती फार आवडली होती, चित्र डोळ्यासमोर उभं राहतं, म्हणून मीही पुढे सांगत गेले. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण पाऊस यायला लागल्यावर कुत्रा वर कशाला थांबेल?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री शोधायला बसले.

ही गोष्ट जगभर पसरली ती 1999 मध्ये फिरलेल्या एका ईमेलमधून. 'सोळाव्या शतकातलं जीवन' अशा धर्तीचा तो मजकूर होता, त्यात दहाबारा इंग्लिश शब्दप्रयोगांची 'खरी' कारणं दिलेली होती. आंघोळ वर्षातून एकदाच, म्हणून नवरीच्या हातात फुलं. जिवंत माणसं चुकून पुरली जायची म्हणून कबरीला घंटा, त्यावरून 'सेव्हड बाय द बेल' (तो शब्द खरं तर बॉक्सिंगच्या रिंगमधून आलाय, फेरी संपल्याची घंटा वाजली आणि मार खाणारा वाचला). आणि याच मजकुरात गवताची छपरं, त्यात उबेला झोपलेली मांजरं, कुत्री, उंदीर, आणि पाऊस आला की निसरडं होऊन सगळे खाली. त्या ईमेलमध्ये एकाही गोष्टीला पुरावा नव्हता, कुठलं जुनं पुस्तक नाही, पत्र नाही, काही नाही.

आता छपराचं बघू. ज्याने गावाकडे गवताने किंवा पेंढ्याने शाकारलेलं घर बघितलंय त्याला हे लगेच कळेल. शाकारणी करताना गवत सैल टाकून ठेवत नाहीत, ते घट्ट दाबून बांधतात आणि छपराला चांगला उतार देतात, म्हणूनच तर पाणी आत न शिरता वरच्या वर वाहून पागोळ्यांनी खाली येतं. इंग्लंडची गवती छपरंही तशीच, गव्हाच्या काडाची नाहीतर पाणथळीतल्या बोरूची, आणि उतार साधारण 45 अंशांच्या पुढचा. त्या उतारावर कुत्रा चढणार कसा आणि झोपणार कसा? उंदीर आत बीळ करेल हे मान्य, त्याच्यामागे मांजर जाईल हेही मान्य. पण कुत्रा? आणि पाऊस आल्यावर छपराच्या आतल्या प्राण्याला ओलं व्हायचं नसेल तर तो आत राहील, बाहेर येऊन कशाला घसरेल. त्या मुलीचा प्रश्न अगदी बरोबर होता.

पुढच्या तासाला मी वर्गात सांगितलं की गेल्या वेळी मी सांगितलेलं चुकीचं होतं.

ओडिन देवाची आणि चेटकिणींची गोष्ट काय आहे?

उत्तर युरोपच्या जुन्या पुराणकथांमध्ये ओडिन हा मोठा देव, त्याला वादळाशी जोडतात आणि त्याच्यासोबत दोन लांडगे असतात, गेरी आणि फ्रेकी. इकडे मांजरांचा संबंध चेटकिणींशी, आणि चेटकिणी वादळ आणतात असं लोक मानायचे. मग कुत्रा म्हणजे वारा आणि मांजर म्हणजे पाऊस, असं जोडून ही उपपत्ती तयार झालीये.

यातला मांजराचा भाग हवेतला नाहीये. स्कॉटलंडमध्ये 1590-91 च्या सुमाराला नॉर्थ बेरिकचे खटले झाले. राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून राणीला घेऊन येत होता तेव्हा समुद्रात भयंकर वादळं झाली, आणि त्याचा ठपका काही बायकांवर ठेवण्यात आला. छळ करून त्यांच्याकडून जे कबूल करून घेतलं त्यात असं होतं की त्यांनी एका मांजराला बाप्तिस्मा दिला, त्याला मेलेल्या माणसाच्या शरीराचे तुकडे बांधले आणि ते समुद्रात फेकलं, त्याने वादळ उठलं. अॅग्नेस सँपसन नावाची एक बाई होती, गावात औषधपाणी करणारी, तिला यात मारून टाकलं. हे वाचल्यावर मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं, एका शब्दाचा माग काढायला जावं आणि हे समोर यावं.

पण मांजर आणि वादळ यांचा संबंध होता म्हणून हा शब्दप्रयोग तिथूनच आला असं होत नाही. ओडिनसोबत लांडगे आहेत, कुत्री नाहीत. ओडिनला मानणारे लोक आणि 1651 चं इंग्लंड यांच्यामध्ये काही शतकं गेलीत आणि मधल्या काळात 'कुत्र्या-मांजरांचा पाऊस' असं कुणी लिहिलेलं सापडत नाही. व्हॉनची ओळ वाचा, ब्रोमचा पंतोजी बघा, त्यात ना देव आहे ना चेटकीण.

हा फ्रेंच किंवा ग्रीक शब्दाचा अपभ्रंश आहे असंही वाचलंय.

दोन शब्द सांगितले जातात. एक 'कॅटाडूप', म्हणजे धबधबा, जुन्या फ्रेंचमध्ये होता आणि इंग्लिशमध्येही थोडाफार वापरात होता, मूळ नाईल नदीच्या धबधब्यांसाठीचा. दुसरा ग्रीक 'काटा डॉक्सा', विश्वास बसणार नाही असं काहीतरी, असा त्याचा अर्थ लावतात.

पहिला ऐकायला जवळचा आहे, मान्य. पण अपभ्रंश झाला असता तर मधली पायरी दिसायला हवी होती, म्हणजे 'रेनिंग कॅटाडूप्स' असं कुणीतरी म्हटलेलं, मग थोडं बिघडलेलं, मग कॅट्स अँड डॉग्ज. तशी पायरी मिळत नाही. वर जुन्या नोंदींमध्ये डॉग्ज आधी आहेत, कॅट्स नंतर, मग 'कॅटाडूप' वरून 'डॉग्ज अँड कॅट्स' कसं होईल? ग्रीकवाल्या गोष्टीत तर ग्रीक लोक स्वतः पावसाला असं म्हणत होते याचाच पत्ता नाही.

पण खरोखर आकाशातून प्राणी पडतात ना कधी कधी?

छोटे मासे आणि बेडूक पडल्याच्या नोंदी आहेत. पाण्यावर वावटळीसारखा भोवरा तयार होतो, तो हलके जीव उचलतो आणि दुसरीकडे टाकतो असं त्याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण. होंडुरासमधलं योरो हे ठिकाण माशांच्या पावसासाठी प्रसिद्ध आहे. पण मांजरं आणि कुत्री पडल्याची एकही विश्वासार्ह नोंद नाही.

मग तुम्हाला स्वतःला काय वाटतं?

मला वाटतं लोकांनी ते मुद्दाम अशक्य वाटेल असं म्हणून टाकलं, आणि त्याला वेगळं कारण शोधायची गरज नसावी. कुत्र्या-मांजराची जोडी इंग्लिशमध्ये आधीपासून भांडणासाठी होतीच, सोळाव्या शतकापासून 'कुत्र्या-मांजरासारखं पटतं' म्हणजे अजिबात पटत नाही असं ते म्हणत आलेत. त्यामुळे दोन्ही नावं एका श्वासात यायची. जोराचा पाऊस छपरावर आपटतो तेव्हा वर काहीतरी झोंबाझोंबी चाललीये असाच आवाज येतो. हे माझं मत आहे, पुरावा नाही, वर्गातही मी तसंच सांगते.

आणि माझं हे मत पक्कं झालं ते बाकीच्या भाषा बघून.

बाकीच्या भाषांमध्ये काय पडतं?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. फ्रेंचमध्ये दोरखंड पडतात, जर्मनमध्ये सुतळ्या. डच लोकांकडे तंबाखूच्या पाईपच्या दांड्या पडतात. स्पॅनिशमध्ये घागरी ओततात. ग्रीकमध्ये खुर्चीचे पाय. चेक भाषेत एकचाकी हातगाड्या, डॅनिशमध्ये चांभाराच्या हाताखाली काम शिकणारी पोरं, ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये खिशातले चाकू. वेल्श भाषेत म्हाताऱ्या बायका आणि काठ्या, आणि तिकडे दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स भाषेत पुन्हा म्हाताऱ्याच, हातात सोटे घेतलेल्या! इंग्लंडातच जुनी माणसं 'स्टेअर रॉड्स' पडतायत असंही म्हणतात, म्हणजे जिन्यावरचा गालिचा जागेवर राहावा म्हणून पायरी-पायरीला लावलेल्या धातूच्या दांड्या.

नीट बघितलं तर यात दोन प्रकार दिसतात. दोर, सुतळी, पाईपची दांडी, जिन्याची दांडी, हे सगळं लांब आणि सरळ आहे, पावसाची धार डोळ्याला जशी दिसते तसंच. आणि म्हाताऱ्या, पोरं, हातगाड्या, खुर्चीचे पाय, कुत्री-मांजरं, हे दिसण्यावरून आलेलं नाही, इतकं कोसळतंय की काय वाटेल ते पडतंय, असं म्हणायचंय. आता हातगाड्यांसाठी कुणी 'चेक लोक छपरावर हातगाड्या ठेवायचे' अशी गोष्ट सांगत नाही ना? मग कुत्र्या-मांजरांसाठीच का हवी?

मराठीत याला काय म्हणायचं?

मुसळधार. हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यातलं मुसळ आपल्याला दिसतच नाही. उखळात कांडायचं ते मुसळ, मनगटाहून जाड, लाकडाचं, आणि पावसाची एकेक धार तेवढी जाड. म्हणजे आपला शब्द पहिल्या प्रकारातला, दोर-सुतळीच्या घरचा. हिंदीतही 'मूसलाधार' आहेच. एखाद्या परदेशी माणसाला आपण सांगितलं की आमच्याकडे मुसळं पडतात तर तोही विचारेल, का हो, तुम्ही मुसळं छपरावर ठेवायचा का.

काही मुलं निबंधात 'कुत्र्या-मांजरांचा पाऊस पडत होता' असं सरळ भाषांतर करतात, ते करू नका, मराठीत त्याला काही अर्थ लागत नाही. आपल्याकडे पावसाबरोबर प्राणी येतात ते वेगळ्या वाटेने, पंचांगात प्रत्येक पर्जन्य नक्षत्राला वाहन असतं, बेडूक, म्हैस, मोर, गाढव, हत्ती, आणि वाहनावरून पाऊस कसा पडेल याचा अंदाज घरातली मोठी माणसं बांधतात. पण तिथे प्राणी पावसाला घेऊन येतो, पाऊस म्हणून पडत नाही.

इंग्लंड-अमेरिकेतली माणसं आज हे बोलतात का? परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळतात का?

सगळ्यांना कळतं, पण रोजच्या बोलण्यात फार कमी. तिकडच्या तरुण मुलांना हे आजी-आजोबांच्या काळातलं किंवा पाठ्यपुस्तकातलं वाटतं. ते साधं 'इट्स पोअरिंग' म्हणतात. ब्रिटनमध्ये 'इट्स बकेटिंग डाउन', 'इट्स चकिंग इट डाउन', आयर्लंडमध्ये 'इट्स लॅशिंग'. आपल्याकडे मात्र इंग्लिश मीडियम असो की मराठी मीडियम, ईडियम म्हटलं की पहिला हाच आठवतो.

आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायची इंग्लिशची परीक्षा, तिच्या स्पीकिंगची तयारी करणारे मला विचारतात की हा टाकला तर बँड (म्हणजे तिथले गुण) वाढेल का. फक्त एक ईडियम टाकला म्हणून बँड वाढत नाही, तो बोलण्याच्या ओघात बसला पाहिजे. पाठ करून आणलेला परीक्षकाला लगेच कळतो. हवामानावर बोलताना सहज आला तर ठीक, नाहीतर 'पोअरिंग' कायम सेफ.

आणि एक गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते. हा हलक्या मूडचा शब्दप्रयोग आहे. भिजलो, क्रिकेटची मॅच रद्द झाली, तिथे चालतो. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, माणसं गेली, घरं गेली. त्या दिवसावर निबंध लिहिताना 'इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' लिहिलं तर व्याकरण बरोबर असेल पण ते वाचवत नाही. तिथे सरळ 'हेवी रेन' लिहावं, आकडा लिहावा.

'1651 मध्ये पहिल्यांदा' म्हणजे त्याच वर्षी जन्माला आला का?

नाही, 1651 ही आत्तापर्यंत सापडलेली छापील नोंद, लोक त्याआधीही बोलत असणारच. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचं कामच या पद्धतीवर उभं आहे, 1884 ते 1928 या काळात तिची पहिली आवृत्ती भागाभागाने निघाली तेव्हा हजारो वाचकांनी जुनी पुस्तकं वाचून शब्द कुठे, कधी, कसा आला ते चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवलं होतं. उद्या कुणाला 1620 चं एखादं पत्र मिळालं ज्यात कुत्र्या-मांजरांचा पाऊस आहे, तर तारीख मागे जाईल. म्हणून कुणी तुम्हाला एखाद्या शब्दप्रयोगाची गोष्ट सांगितली की आधी विचारा, हे लिहिलेलं सगळ्यात जुनं कुठे आहे? त्या गोष्टीचा काळ आणि त्या नोंदीचा काळ जुळतो का?

लहान मुलांना एवढं सगळं कसं सांगायचं? छपराची गोष्ट सोपी होती.

मला नाही तसा अनुभव. मी फळ्यावर चार वर्षं लिहिते, 1651, 1653, 1710, 1738, आणि प्रत्येकासमोर कोण काय म्हणालं ते. मग छपराची गोष्ट सांगते आणि विचारते, यात काय पटत नाही? सातवीतली मुलंसुद्धा पाच मिनिटांत तीन अडचणी काढतात. जत्रेला निघालेला तो फेरीवाला मुलांना फार आवडतो, डोक्यावर छप्पर हवं म्हणणारा, त्याचं चित्र काढून आणतात.

आणि घरी जाऊन आजीला विचारायला सांगते, जोराच्या पावसाला तुमच्याकडे काय म्हणतात. मागच्या पावसाळ्यात वही भरली होती, धो धो, बदाबदा, झोडपतोय, आभाळ फाटलंय. एकाने लिहून आणलं होतं 'आजी म्हणते नुसता ओततोय', आणि खाली आजीने स्वतःच्या अक्षरात घातलं होतं, 'आणि थांबायचं नाव नाही'.